आईंची ठुशी आणि पोरीचा रमेज

ज्या घरात एक म्हातारी दिवसभर काहीतरी शोधत असते आणि एक पोरगी दिवसभर 'शोधणे' या एकाच गोष्टीचे इंग्रजी शब्द पाठ करत असते, त्या घरातल्या बाईचं डोकं ठिकाणावर राहील असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्याकडे येऊन आठवडाभर राहून दाखवावं. जेवणखाण माझ्याकडे. जाताना धड जाईल याची खात्री मी देत नाही.

म्हातारी म्हणजे माझी सासू, कृष्णाबाई. अख्खं घर त्यांना आई म्हणतं, मीही म्हणते. पोरगी म्हणजे माझी लेक आरोही. ती मला मम्मी म्हणते, कारण आई ही जागा आधीच भरलेली आहे.

आरोही बी.कॉम. झालीय आणि तिला न्हावा-शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात नोकरी हवीय. बंदर आमच्या गच्चीवरून दिसतं. आईंनी जिथं डोक्यावर पाट्या घेऊन मीठ वाहिलं ती मिठागरं कधीच भरावाखाली गेली, आता तिथं कंटेनर उभे असतात. माझा नवरा शिवदास त्याच कंटेनरांचे ट्रेलर चालवतो. निदान पोरगी तरी एसीत खुर्चीवर बसू दे, असं त्याचं म्हणणं. माझंही तेच आहे, पण त्या खुर्चीआधी इंग्रजीची परीक्षा आहे, आणि ती परीक्षा माझ्या मुळावर आलीय.

क्लासच्या सरांनी पोरांना सांगितलंय म्हणे, एकेक क्रियापद घ्या आणि त्याचं सगळं गणगोत पाठ करा. आमची बया एकाच क्रियापदात अडकली.

"रमेज," ती घरभर फिरत म्हणायची. "रमेज म्हणजे उलथापालथ करून शोधणे."

"मग नुसतं शोधणे म्हण की."

"नाय मम्मी, शोधणे म्हणजे सर्च. रमेज वेगळं. हात घालून सगळं वरखाली करायचं. सर बोलले, आपल्याला हा शब्द लागणारच. कस्टमवाले जहाजावर चढून कानाकोपरा तपासतात ना, त्याला रमेज बोलतात."

"बरं. आता तो लसूण सोल."

लसूण सोलता सोलता ती पुढचे नातेवाईक काढायची. हंट, सीक, स्कावर, रॅन्सॅक, फोरेज, फ्रिस्क. आणि प्रत्येकाला मराठी शब्द मला विचारायचा. मी कोलंबीचा धागा काढू की हिला शब्द देऊ? पण दिले. माणसाच्या जिभेवर असतातच. शोधणं, हुडकणं, धुंडाळणं, चाचपणं, उचकणं, पालथं घालणं, झडती घेणं. आरोही म्हणाली, "मम्मी, तुला तर पूर्ण लिस्ट येते!" न येऊन सांगते कुणाला? आमच्या घरात दुसरं चालतं काय?

शिवदासला काही सापडेनासं झालं की तो खोलीच्या मधोमध उभा राहून माझ्या नावानं ओरडतो. त्याला कुठल्याही भाषेत शोधणं म्हणत नाहीत. आरोही वरवर बघते आणि 'नाय तिथं' म्हणते. मी अंधारातसुद्धा चाचपून काडेपेटी काढते. आणि आई? आईंचं म्हणजे तेच. रमेज. रोज सकाळी चहा झाला की त्या आपली ट्रंक ओढायच्या आणि आतलं सगळं बाहेर. लुगडी, चोळ्या, मामंजींचा फोटो, एक जुना पितळी करंडा. मग सगळं परत आत. मग परत बाहेर.

"काय शोधताय आई?"

"माजी ठुशी. हितंच व्हती."

ठुशी खरंच होती. सोन्याच्या मण्यांची, गळ्याला घट्ट बसणारी. आईंना त्यांच्या सासूनं घातलेली. आणि गेल्या दिवाळीनंतर ती कुणी पाहिली नव्हती, हेही खरं.

आईंचं विसरणं सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आधी नावं गेली, मग वेळा गेल्या. पनवेलच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, सांभाळून घ्या. सांभाळून घ्या म्हणणं सोपं आहे. फ्रीजमध्ये चपला मी काढल्या. पिठाच्या डब्यात मोबाइलचा चार्जर मला सापडला. एकदा बाजारातून आले तर स्वयंपाकघरभर मीठ सांडलेलं आणि आई झाडू घेऊन ते गोळा करतायत, वर मलाच म्हणतात, "किती पसारा करतेस गं." दुसऱ्या दिवशी देवापुढच्या समईत दूध. आता यावर हसावं की रडावं? मी दोन्ही केलं नाही. ओरडले. मग रात्री पाय चेपून दिले. आमचं असंच चालायचं.

हे सगळं मी निभावून नेलं असतं. पण ठुशी ट्रंकेत सापडेना, तशी आईंनी चोर ठरवून टाकला.

"सुनेनं नेली. दुसरं कोन हाय घरात?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातला पेला आपटला होता. नंतर नंतर पेले वाचवायला शिकले. पण आई मला एकटीला सांगून थांबतील तर ना! दूधवाल्याला सांगितलं. शेजारच्या कोकिळेला रोज पायरीवर बसून सांगितलं. कोकिळा चांगली आहे, "म्हातारीचं काय मनावर घेतेस" म्हणायची, पण म्हणताना माझ्याकडे एक क्षण जास्त बघायची. आणि शेवटी आईंनी ते फोनवर आपल्या लेकीला सांगितलं.

ही लेक म्हणजे माझी नणंद, कल्पिता. करंजाकडे दिलीय, भरल्या घरात. दिवाळीला आली होती तेव्हा माझ्यासमोरच तिनं आईंकडे ठुशी मागितली होती. "आई, प्रणयचं लग्न ठरतंय. येणाऱ्या सुनेला तुझी ठुशी घालीन." आई तेव्हा त्यातल्या त्यात बऱ्या होत्या, नुसतं "बघू" म्हणाल्या. आणि आता प्रणयचं लग्न तोंडावर आलं, आणि ठुशी नाही, आणि म्हातारी म्हणतेय सुनेनं नेली. कल्पिता मला फोनवर उघड काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "वहिनी, नीट शोधा हां. घरातली वस्तू घराबाहेर कशी जाईल?"

घराबाहेर कशी जाईल! म्हणजे काय समजायचं मी?

शिवदासला सांगितलं तर तो म्हणे, "जाऊ दे ना. म्हातारी हाय."

"म्हातारी माझी आहे का तुझी?"

"माझी."

"मग तिला समजाव. नाहीतर बहिणीला समजाव. तीन दिवसांनी हळद आहे. तुमची सगळी भावकी मांडवात असणार. आत पाऊल टाकलं की बायका आधी माझ्या गळ्याकडे बघणार, मग एकमेकींकडे बघणार. तेवीस वर्षं या घरात भाकऱ्या थापल्या, आणि शेवटी नाव काय मिळवलं? सासूची ठुशी ढापणारी. मी नाही येत हळदीला."

"अगं, सख्ख्या भाच्याची हळद..."

"मग ठुशी आण."

तो ट्रेलर घेऊन निघून गेला. भांडणात ट्रेलर फार उपयोगी पडतो त्याला.

तेव्हा मीच पदर खोचला. त्याच दिवशी, शनिवारी, सगळं घर पालथं घातलं. माळ्यावरची पिंपं उतरवली. तांदळाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला. सुकटीचे, बोंबलाचे, वाकट्यांचे डबे ओतले, कारण आमच्याकडे जुन्या बायका सोनं सुक्या मासळीत ठेवतात, चोर तिथं नाक घालत नाही. मांजर मात्र घालतं, तेही त्या दिवशी कळलं. गाद्यांच्या शिवणी उसवून बघितल्या. देव्हाऱ्यातले देव काढले, बसवले. आणि मी हे करत असताना आई माझ्या मागे मागे फिरत विचारत होत्या, "काय हरवलंय गं बाय तुजं?"

"तुमची ठुशी!"

"ती कुटली सापडतेय. सुनेनं नेली ती."

आणि दारात आरोही पुस्तक घेऊन उभी. "मम्मी, तू आता करतेयस ते स्कावर. पूर्ण एरिया काढायचा, इंच इंच."

"आरोही, तुझ्या त्या पुस्तकाची मी चूल पेटवीन."

संध्याकाळी अंगाला बोंबलाचा वास, केसात भुसा, आणि हाती काही नाही. आमटीत मीठ घालायला बरणीचं झाकण काढलं तर मीठ निम्म्याच्या खाली गेलेलं. तेवढ्या वैतागातही नवी पिशवी फोडून वर ओतली. त्याला कारण आहे. आमच्या घरात मिठाच्या बरणीचा तळ कधी दिसू द्यायचा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा आईंनी पहिली गोष्ट शिकवली ती ही. मिठावर जगलेलं घर आहे, मीठ संपलं असं तोंडानंसुद्धा म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं, आणि वाढायच्या आधीच वरून भर घालायची. चुलीपाशी ती हीच गुडघ्याएवढी चिनी मातीची बरणी, मामंजींच्या वेळची. तेवीस वर्षांत मी तिचा तळ पाहिलेला नाही. शिस्तीची सून ना मी!

रविवारी सकाळी कल्पिता आली. हातात पत्रिका होती, पण पत्रिका द्यायला माणूस घरच्या माणसाकडे दुसऱ्यांदा येत नाही. पाणी प्यायली, आईंच्या गालावरून हात फिरवला. आई तिच्याकडे बघून ओळखीचं हसल्या, पण नाव घेतलं नाही. मग कल्पिता म्हणाली, "वहिनी, राग मानू नका. मीपण एकदा बघू का? दोन हात जास्त असले की..."

"बघा ना. कुठून सुरू करता?"

तिनं आईंची ट्रंक उघडली नाही. माळ्याकडे बघितलं नाही. सरळ माझ्या खोलीत गेली आणि माझ्या कपाटासमोर उभी राहिली.

मी चावी दिली. तिनं माझ्या साड्या एकेक करून उचलल्या. घडीत बोटं घातली. माझ्या माहेरच्या पेटीतली पाकिटं दाबून बघितली. आतल्या कपड्यांचा खण ओढला तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शनिवारी मी अख्खं घर उपसलं तेव्हा मी वस्तू शोधत होते. ही वस्तू शोधत नव्हती, मला शोधत होती.

आरोही दारात होती. तिच्या हातात पुस्तक नव्हतं. ती हळूच म्हणाली, "आत्या, हे नको करू."

"मी काय करतेय? शोधतेय फक्त."

"झडती घेतेयस तू," आरोही म्हणाली. "मम्मीची."

कल्पिता गोरीमोरी झाली, पण खण बंद केला नाही. आणि माझं जे काही दोन महिने आत साठलं होतं ते बाहेर आलं.

"थांबा," मी म्हटलं. "अर्धवट कशाला? सगळं बघा. उद्या म्हणाल तेवढं राहिलं." आणि मी खण उपटून पलंगावर ओतला. मग दुसरा. मग तरातरा स्वयंपाकघरात गेले. मागून कल्पिता "वहिनी, अहो वहिनी" करत, तिच्यामागे आरोही, आणि या सगळ्यांच्या मागे आई, काय गंमत चाललीय बघायला. मी डाळीचा डबा ओतला. पोह्यांचा ओतला. मसाल्याचा डबा ओट्यावर पालथा केला आणि चौघींनाही शिंका सुरू झाल्या. "बघा! हळदीत बघा! राईत बघा! अजून काय राहिलं? ही बरणी राहिली ना? ही पण बघा!"

मी बरणीला हात घातला आणि आई किंचाळल्या.

"मिठाचा तल दावू नको!"

इतक्या जोरात त्या वर्षभरात बोलल्या नव्हत्या. धावत येऊन त्यांनी माझं मनगट धरलं. कल्पिताही घाबरली. "वहिनी, नको. मिठाची बरणी पालथी करत नाहीत. लग्नघर आहे आमचं, अवदसा येईल."

"अवदसा आलीय!" मी म्हटलं. "माझं कपाट उचकतेय!"

आणि बरणी आडवी केली.

जाडं मीठ सरसरत फरशीवर आलं. आधी पांढरं, कालच ओतलेलं. मग खालचं मळकट, दमट. मग ढेकळं. आणि शेवटी तळातून धप्पकन एक पुरचुंडी पडली. हिरव्या लुगड्याचा तुकडा, मिठानं कडक झालेला.

मीच खाली बसले आणि गाठ सोडली. ठुशी होती. एक मणी कमी नाही की काळा नाही.

मी सुटकेचा श्वास घेणार, तेवढ्यात कल्पिता बोलली. हळू बोलली, पण बोलली.

"बरणी तर तुमचीच आहे वहिनी. मीठ तुम्हीच भरता."

देवा रे! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सापडली तर सुटले असं मी समजत होते, आणि सापडली ती माझ्या चुलीपाशी, माझ्या हाताखाली, मी शिस्तीत वरून भर घालून घालून आत आत पुरलेली. काल संध्याकाळीसुद्धा वरून भर मीच घातली होती. आता कुणाला सांगू, की मला माहीत नव्हतं? सांगितलं तर कोण मानेल? मी स्वतः तरी मानलं असतं का? स्वयंपाकघरभर सांडलेलं मीठ आणि झाडू घेतलेल्या आई मला आत्ता, इतक्या दिवसांनी आठवल्या. पण ते बघायला तेव्हा माझ्याशिवाय घरात कोण होतं?

तेवढ्यात आई फतकल मारून मिठात बसल्या. माझ्या हातातून ठुशी घेतली, पदरानं पुसली, आणि कल्पिताचा हात ओढून तिला शेजारी बसवलं.

"कोकिळे," त्या तिला म्हणाल्या. आपल्या पोटच्या लेकीला. "हिकडं ये. तुला म्हनून सांगते. कोनाला बोलू नको."

"आई, मी कल्पी..."

"हां, त्या कल्पीला तर बिलकूल नको सांगू. तिचा डोला हाय हिच्यावर. दिवालीला मागत व्हती. म्हनून मीनी मिठात घातली. मिठाच्या तलाला कोन हात घालतंय?" आणि त्या स्वतःच्याच हुशारीवर तोंड दाबून हसल्या. "ही माज्या सुनेची हाय. माजा खुबा मोडला तवा तिनं माजं सगलं केलं. हागलं-मुतलं काडलं. तोंडानं बडबड बडबड करते, पन करते. कल्पी आली व्हती तवा. डझनभर केली घेऊन आली नि केली ठेवून गेली."

कल्पिताच्या तोंडाकडे मला बघवेना. दोन मिनिटांपूर्वी मी तिला ओचकारलं असतं, आणि आता बघवेना. असं आहे माझं.

पण माझाही तोल गेलाच, ताडकन उठले. "अहो आई! मग सांगायचं ना! माझ्यासाठी ठेवलीत आणि दोन महिने मलाच चोर म्हणून गावभर करताय? दूधवाल्यापर्यंत?"

आईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. नीट, खालपासून वरपर्यंत. मग कल्पिताच्या कानाशी लागून विचारलं, "ही कोन बाई? केवडं मीठ सांडलंय हिनं."

आरोही फसकन हसली आणि लगेच रडायला लागली. मीही खाली बसले. काय करणार होते?

मग कल्पिता उठली. सूप आणलं. वरचं स्वच्छ मीठ ओंजळीनं सुपात भरलं, डोळे पुसत पुसत बरणीत टाकलं. "रिकामी ठेवू नका वहिनी," ती म्हणाली. मग आईंच्या मुठीतली ठुशी हळूच सोडवून माझ्या मांडीवर ठेवली. "हळदीला घालून या. सगळ्यांसमोर."

"तुमच्या सुनेला..."

"माझ्या सुनेला मी बघीन. ही तुमची आहे. आईनं सांगितलं ना." तिनं सूप खाली ठेवलं. "मला नाही सांगितलं. कोकिळेला सांगितलं."

मी तिला घट्ट धरलं. मसाल्यानं दोघींच्या नाकातून पाणी गळत होतं, त्यामुळे कोण किती रडलं ते नक्की सांगता येणार नाही.

सोमवारी आरोहीची परीक्षा झाली. घरी आली ती पाय आपटतच. रमेज आलाच नाही म्हणे. दिलेल्या शब्दावर वाक्य लिहा होतं, आणि शब्द कुठला, तर फाइंड. सापडणे.

"एवढे दिवस माझं डोकं खाल्लंस ते कशासाठी मग?"

"मला काय माहीत, इतका सोपा देतील!"

"लिहिलंस का काही?"

"लिहिलं. माय ग्रँडमदर फाउंड अ गुड डॉटर-इन-लॉ."

मी तिला अर्थ विचारला नाही, तेवढं कळतं मला. मसाल्याचे डबे मांडायला लागले. तिकडे पाठ करून जरा वेळ लावला.

मंगळवारी हळद. संध्याकाळी निघायचं म्हणून मी हिरवी साडी नेसले आणि ठुशी घातली. आरशात बघितलं. गळा अवघडल्यासारखा झाला, सवय नाही. कल्पिता आईंना न्यायला स्वतः गाडी घेऊन आली होती. शिवदास ट्रेलर सोडून आज चक्क इस्त्रीच्या शर्टात होता. ठुशी बघून म्हणाला, "मी बोललो व्हतो ना, जाऊ दे." त्याचं मी नंतर बघणार आहे.

आईंना हाक मारायला खोलीत गेले तर ट्रंक ओढलेली. लुगडी बाहेर, चोळ्या बाहेर, मामंजी बाहेर.

"चला आई. गाडी आलीय."

त्यांनी वर बघितलं. त्यांची नजर माझ्या गळ्यावर थांबली. आता ओरडतात बहुतेक, तेही कल्पिता दारात असताना.

पण आई हसल्या. हात लांब करून त्यांनी ठुशीचे मणी एका बोटानं चाचपले.

"छान हाय हां तुमची ठुशी," त्या म्हणाल्या. "माजी पन अशीच व्हती. सुनेनं नेली मेलीनं."

दारात कल्पिता पुढं झाली. "आई, अगं हीच तर..."

मी हातानंच तिला थांबवलं. काय सांगणार होतो आम्ही? सांगितलेलं गाडीत बसेपर्यंत तरी राहिलं असतं का? बाहेर शिवदास गाडीचा हॉर्न वाजवत होता, मांडवात पाहुणे येऊन बसले असतील, आणि इथं माझी सासू माझ्याच तोंडावर माझी चुगली करत बसलेली. वैताग आहे नुसता. जन्मभराचा वैताग.

मी साडी सावरून ट्रंकेशेजारी बसले.

"नेलीच हो तिनं," मी म्हटलं. "सुना मेल्या अशाच. सरका जरा, आपण हुडकू."

आईंनी जागा करून दिली. कल्पिता आली आणि दुसऱ्या बाजूला बसली, आणि आम्ही तिघी एकेक लुगडं झटकून बघायला लागलो.